डिक्कीतून घुमणारा रस्ता: नव्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीच्या टायर-आवाजाचं एक प्रकरण

गाडी चार मीटरच्या आतली, पेट्रोल, पुढच्या चाकांवर चालणारी. सस्पेन्शन पुढे मॅकफर्सन स्ट्रट (प्रत्येक चाकाला स्वतंत्र), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारी लोखंडी आडवी तुळई). टायर २१५/६० आर १६, ९५ एच (रुंदी २१५ मिलिमीटर, भिंतीची उंची तिच्या ६० टक्के, रिम १६ इंची; ९५ हा भार पेलण्याचा अंक, एच वेगमर्यादेचा). वय तीन महिने, ओडोमीटरवर ३,८०० किलोमीटर. दर आठवड्याला पुणे–नवी मुंबई ये-जा, म्हणजे बराचसा प्रवास एक्सप्रेसवेच्या काँक्रीटवर.

मालकांची तक्रार अशी: ताशी ७० च्या पुढे मागच्या सीटवरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागतो, आणि एक्सप्रेसवेवर कानाशी एक 'सूंऽऽ' अखंड चालू राहतं. शहरात काही जाणवत नाही. आधीची गाडी सेडान होती, तिच्यात असं नव्हतं.

उपाय सुचवणारे तिघे होते. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, या सेगमेंटला एवढं असतंच, हवं तर अंडरबॉडी कोटिंग करून घ्या. ॲक्सेसरीजच्या दुकानाने चारही दरवाजे, छत आणि बॉनेटला डॅम्पिंगचा, म्हणजे पत्र्याची थरथर मारणारी चादर चिकटवण्याचा, पूर्ण पॅकेज-दर दिला. टायरवाल्याने चारही टायर काढून मऊ टायर टाकायला सांगितलं. आवाज नेमका कोणता आणि तो कुठून आत येतो, हे मात्र तिघांपैकी कोणीही तपासलं नव्हतं. असे खर्च वाया जातात ते इथेच.

आवाज एक नसतो

टायरचा आवाज केबिनमध्ये दोन वाटांनी येतो. एक वाट लोखंडातून: टायर थरथरतो, ती थरथर रिम, हब, सस्पेन्शनची बुशं, बीम यांतून पत्र्यात जाते आणि पत्रा ढोलासारखा वाजतो. साधारण ४०० ते ५०० हर्ट्झच्या खालची घरघर बहुतेक या वाटेची. दुसरी वाट हवेतून: ट्रेडचे (टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार भागाचे) ठोकळे रस्त्यावर आपटतात, खाचांत कोंडलेली हवा दाबून बाहेर फेकली जाते, आणि तो आवाज चाकाच्या कमानीतून, तळाच्या भोकांतून, काचांतून आत शिरतो. याचा जोर १,००० हर्ट्झच्या आसपास असतो. पहिल्या वाटेला पत्र्याचं डॅम्पिंग, हवेचा दाब आणि मुळात टायरच बदलणं लागू पडतं. दुसऱ्या वाटेला भोकं बुजवणं, जड पडदा आणि आवाज शोषणारा थर. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर पैसे जातात आणि आवाज राहतो.

या जातीच्या गाड्यांत मागची बाजू विशेष उघडी असते. सेडानमध्ये मागची सीट आणि डिक्की यांच्यामध्ये पत्रा, पार्सल शेल्फ आणि सीटची जाड पाठ असते. इथे डिक्की केबिनचाच भाग आहे. मागच्या चाकाची कमान आणि प्रवाशाचा कान यांच्यामध्ये एक प्लॅस्टिकची ट्रिम (आतलं आवरण) आणि बऱ्याचदा बाकी काहीच नाही. त्यात स्टेपनीचा खड्डा म्हणजे पातळ पत्र्याची परातच.

मोजणी

मोजायला वेगळं यंत्र लागलं नाही. फायफॉक्स हे मोफत ॲप फोनमध्ये आवाजाचा वर्णपट, म्हणजे कोणत्या हर्ट्झला किती आवाज आहे ते, दाखवतं. फोनचा आकडा निरपेक्ष म्हणून धरायचा नाही, पण तोच फोन त्याच जागी ठेवून आधी-नंतरची तुलना बिनधास्त करता येते. फोन एकदा पुढच्या आणि एकदा मागच्या सीटच्या हेडरेस्टच्या उंचीवर, शेजारी बसलेल्या माणसाने धरलेला. चालवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही.

अटी ठरलेल्या: ताशी ८० स्थिर, एसीचा पंखा बंद, काचा बंद, तेवढीच माणसं, प्रत्येक नोंद २० सेकंद, दोन्ही दिशांना. वेळ तीच सकाळची, कारण टायर आणि रस्ता तापले की आवाज थोडा उतरतो आणि उपायाचं श्रेय उन्हाला द्यायचं की उपायाला ते कळत नाही. काँक्रीटसाठी एक्सप्रेसवेवरचा खालापूर ते कळंबोली हा सपाट भाग, डांबरासाठी जुन्या महामार्गावरचा वडगाव मावळच्या बाजूचा तुकडा.

मागच्या सीटवर डांबरावर ७० डेसिबल, काँक्रीटवर ७४. पण आकड्यापेक्षा वर्णपटाने जास्त सांगितलं. त्यात तीन गोष्टी वेगळ्या दिसल्या.

पहिली, काँक्रीटवर १,१०० हर्ट्झला सुईसारखं टोक. वेग ६० केला की ते ८३० वर सरकलं. डांबरावर त्याच वेगाला ते पूर्ण गायब. ट्रेडच्या नक्षीचा सूर असता तर तो डांबरावरही त्याच जागी दिसला असता. हा सूर रस्त्याचा आहे: काँक्रीटवर पकड राहावी म्हणून ओलं असताना आडव्या रेघा ओढतात, आणि त्या समान अंतरावर असल्या की टायर प्रत्येक रेघेवर आपटून शिटीसारखा वाजतो. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर; त्याला १,१०० ने भागलं की रेघांमधलं अंतर निघतं २० मिलिमीटर. (हे अंतर मोजायला एक्सप्रेसवेवर गाडी थांबवायची नाही. गणित पुरेसं आहे.) कानाशी चालणारं 'सूंऽऽ' ते हेच. त्याच काँक्रीटवर 'ठक-ठक' येते ती सांध्यांची: ४.५ मीटरच्या पाट्या असल्या की ८० च्या वेगाला सेकंदाला जवळपास पाच.

दुसरी, दोन्ही रस्त्यांवर २०५ ते २१५ हर्ट्झच्या मध्ये एक उंचवटा. वेग बदलला तरी जागचा हलत नाही, धारदार खड्ड्यावर 'दुंग' असा घुमतो. ही टायरच्या पोटातल्या हवेची घुमणूक. रिम आणि ट्रेड यांच्या मधल्या वर्तुळाचा परीघ या मापात सुमारे १.६८ मीटर, गार-गरम हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४५ ते ३६० मीटर, भागाकार तिथेच येतो. नायट्रोजन भरून यात काही फरक पडत नाही, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

तिसरी, पसरट घरघर, पुढच्यापेक्षा मागच्या सीटवर स्पष्ट जास्त.

यातली फोनची एक खोड लक्षात ठेवायची. डेसिबलचा एकत्रित आकडा सहसा 'ए' मोजपट्टीवर (माणसाच्या कानाला जुळवलेल्या) येतो आणि ती पट्टी २०० हर्ट्झला सुमारे ११ डेसिबल, ५० हर्ट्झला सुमारे ३० डेसिबल वजा करून दाखवते. डोकं जड करणारी घरघर एकत्रित आकड्यात म्हणूनच लपून राहते. वर्णपट बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

टायर नसलेले संशयित

इंजिन: ८० वर पाचव्यातून चौथ्यात टाकलं. आरपीएम वाढले, इंजिनचा सूर सरकला, घरघर जागेवर. इंजिन सुटलं. या चाचणीसाठी चालत्या गाडीत इंजिन कधीही बंद करू नये. ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात.

बेअरिंग: त्याचा आवाज रस्ता बदलला तरी बदलत नाही, पण गाडी एका बाजूला झुकली की बदलतो. लांब उजव्या वळणावर भार डावीकडे येतो. तिथे आवाज वाढला तर डाव्या बेअरिंगवर संशय. इथे डांबर-काँक्रीटचा फरक ठळक आणि वळणावर काही नाही, म्हणजे बेअरिंग ठीक.

वारा: आरशाचं बूड, दरवाजांच्या फटी आणि पुढच्या काचेची कड यांवर कागदी मास्किंग टेप लावून एक फेरी मारली. फरक नगण्य.

गाडी उचलल्यावर काय सापडलं

चारही टायरमध्ये गार असताना ४० ते ४१ पीएसआय हवा होती. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावरचा स्टिकर ३३ सांगतो. कारखान्यातून गाड्या जास्त हवा भरूनच निघतात, कारण यार्डात महिनोन् महिने उभ्या राहून टायर एका जागी चपटे पडू नयेत. डिलिव्हरीआधीच्या तपासणीत ती उतरवायची असते आणि अनेकदा राहून जाते. नंतर पेट्रोल पंपावर गरम टायरमध्ये 'हवा ठीक आहे' असं बघितलं जातं आणि चूक तशीच पुढे चालते. फुगलेल्या टायरची भिंत ताठ होते, सांध्याचा प्रत्येक ठोका सरळ हबमध्ये जातो, आणि ट्रेड मधोमध लवकर झिजतो.

दुसरी गोष्ट स्टेपनी उचलल्यावर दिसली. मागे लावलेल्या एका ॲक्सेसरीची वायर खड्ड्याच्या तळातल्या ३० मिलिमीटरच्या भोकातून खाली नेली होती, आणि तिथलं रबरी बूच काढून टाकलेलं. भोक लहान दिसतं, पण आवाजाचं गणित पाण्यासारखं आहे. खड्ड्याचा तळ अर्धा चौरस मीटर धरला तर हे भोक क्षेत्रफळाच्या ०.१४ टक्के होतं. जो पत्रा ३० डेसिबल अडवतो, तो एवढ्या भोकाने २६ च अडवतो. भोक एक टक्का झालं तर २० च्याही खाली. पावसाळ्यात याच भोकातून पाणी येऊन स्टेपनीची रिम गंजते, ते वेगळंच.

तिसरी, मागच्या कमानीत बाहेरून लायनर (कमानीचं अस्तर) अर्धाच. वरचा पत्रा उघडा. आतून कमानीवर काहीही नाही. बोटाच्या पेराने ठोकलं तर 'ठण' वाजत होतं.

टायर स्वतः निर्दोष होते. बाजूच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे, म्हणजे आठवडा आणि साल, गाडीच्या तारखेशी जुळणारे. ट्रेडवर आडवा तळवा फिरवला तर दोन्ही दिशांना सारखा गुळगुळीत. जेमतेम चार हजार किलोमीटर चाललेले टायर काढून टाकण्याला कारण नव्हतं. जुने म्हणून विकायला गेलं तर हातात फार थोडं येतं.

काय केलं, कोणत्या क्रमाने

आधी फुकटचं. रात्रभर उभ्या गाडीत, स्वतःच्या गेजने, चारही टायर ३३ वर आणले. सांध्यांची ठकठक लगेच मवाळ झाली. इथे एक मोह होतो: ३३ ने एवढं होतं तर २८ ने अजून होईल. हे करायचं नाही. कमी हवेचा टायर भिंतीत वाकून तापतो, आणि एप्रिल-मेच्या दुपारी ताशी १०० ने भरलेल्या गाडीत तो फुटण्याची वाट तीच आहे. चालवताना उन्हाळ्यात दाब चार-सहा पीएसआय चढतो, ते धरूनच स्टिकरवरचा आकडा दिलेला असतो. गरम टायरमधून हवा सोडू नये. सहकुटुंब सामानासह जाताना स्टिकरवर पूर्ण भाराचा वेगळा आकडा असेल तर तो पाळायचा.

मग भोक. वायरसाठी कॉलर असलेलं रबरी ग्रोमेट बसवलं, कडेला न्यूट्रल सिलिकॉन. डिक्कीच्या दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि ओढून पाहिलं. डाव्या खालच्या कोपऱ्यात पट्टी सहज निघाली. दाराचे रबरी ठोकळे आटे फिरवून जुळवल्यावर तिथेही पकड आली. या दोन पायऱ्यांनंतर डांबरावर ७० चे ६९ झाले, काँक्रीटवर ७४ चे ७३.

खरं काम पुढचं: स्टेपनीचा खड्डा आणि दोन्ही मागच्या कमानी, आतून. उघडा पत्रा एकूण १.७ चौरस मीटर निघाला, प्रत्येक कमान ०.४५, खड्डा ०.५ आणि कडेची जागा ०.३.

पहिला थर ॲल्युमिनियम फॉइलचं २ मिलिमीटर ब्यूटाइल (चिकट रबरी चादर), एकूण १.२ चौरस मीटर, वजन सुमारे ४ किलो. पत्रा शंभर टक्के झाकायची गरज नसते. मोठ्या सपाट भागाच्या मध्यावर पाव ते तृतीयांश जागा झाकली तरी थरथर बहुतेक मरते. ठोकल्यावर 'ठण' जाऊन 'ठप' आलं की तिथे थांबायचं. कमानीवर मात्र सलग लावलं, कारण तिथे खडीचा मार आहे. दुसरा थर १० मिलिमीटरचा बंद पेशींचा फोम. तिसरा, डिक्कीच्या मजल्यावर आणि कमानींच्या खालच्या अर्ध्या भागावर चौरस मीटरला ५ किलोचा जड व्हिनाइल पडदा, दीड चौरस मीटर, सांधे एकमेकांवर चढवून टेपने बंद. पडदा फोमवर तरंगता हवा. सरळ पत्र्याला चिकटवला तर तो पत्र्याबरोबरच हलतो आणि निम्मं काम वाया जातं. सगळं मिळून वजन साधारण १२ किलो. ट्रिमच्या मागच्या पोकळीत २० मिलिमीटरचं पॉलिस्टर फायबर सैल भरलं. कापूस, ज्यूट किंवा उघड्या पेशींचा स्पंज घालू नये. कोकणच्या एका पावसाळ्यात तो ओल धरतो आणि गाडीला कुबट वास येतो.

बिटुमेनची स्वस्त चादर ब्यूटाइलच्या नावाने खपवली जाते. ओळख सोपी आहे: तुकडा भर उन्हात तापलेल्या पत्र्यावर ठेवायचा. बिटुमेनला डांबराचा वास सुटतो आणि ते ओघळू लागतं. विदर्भात मे महिन्यात उभ्या गाडीत ६० अंशांवर तापमान जातं, तिथे ही चादर ट्रिममध्ये गळून पडते.

हात घालण्याआधी काही गोष्टी पक्क्या. बॅटरीचा निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबायचं. मॅन्युअलमध्ये वेळ दिलेला असतो. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे, त्यांना हात नाही; खांबांच्या वरच्या ट्रिम उघडायच्याच नाहीत, तिथे पडदा-एअरबॅग असते. सीट बेल्टच्या रिळावर काही चिकटवायचं नाही. तळातली पाणी जाण्याची भोकं बुजवायची नाहीत. आणि मागच्या बंपरच्या आड दोन्ही बाजूंना रबरी पापण्यांच्या जाळ्या असतात, त्यांना आवाजाची वाट समजून बंद करणारे बरेच आहेत. केबिनमधली हवा बाहेर पडायची ती जागा आहे. बंद केली की दरवाजे जोरात आपटावे लागतात, कानाला दडा बसतो, एसीचा झोत मंदावतो आणि काचांवर वाफ धरते. जाळी मोकळी ठेवून तिच्या भोवतीच्या ट्रिममागे फायबर लावलं, तेवढं पुरतं.

दोन ठिकाणी चुकलं

काम डिसेंबरातल्या सकाळी सुरू झालं. पत्रा गार, ब्यूटाइल ताठ. डाव्या कमानीवर धूळ नीट पुसली गेली नव्हती. चार दिवसांत कडा सुटल्या. तो भाग काढून पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसला, हीट गनने कोमट केला, ए४ च्या आकाराचे तुकडे लावून लोखंडी रोलरने फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबले. मोठा तुकडा एकदम लावला की खाली हवेचे फुगे राहतात. हातमोजे लागतातच, फॉइलची कड ब्लेडसारखी कापते.

दुसरं, ट्रिमच्या दोन क्लिपा तुटल्या आणि तशाच बसवल्या. घरघर कमी झाल्यावर त्यांची खडखड ऐकू येऊ लागली. असं जवळपास प्रत्येक गाडीत होतं: मोठा आवाज उतरला की त्याच्याखाली दडलेले पार्सल ट्रेचे पिन, सीटचा कुलुपाचा आकडा, जॅकचा पाना हे सगळे बोलू लागतात. क्लिपांचं पाकीट आणि कापडी टेप आधीच आणून ठेवावी. पार्सल ट्रे खडखडतो म्हणून घरी ठेवू नये, तोही आवाज अडवतो. पिनला टेप गुंडाळावी.

हिशेब

मागच्या सीटवर डांबरावर ७० चे ६७, काँक्रीटवर ७४ चे ७१. तीन डेसिबल ऐकायला थोडे वाटतात, पण आवाजाची ऊर्जा निम्मी झाली. मागे बसलेल्याशी साध्या आवाजात बोलता येऊ लागलं, आणि पावसात कमानीवर बसणारा पाण्याचा फवारा तर ओळखू येईनासा झाला.

जे गेलं नाही तेही स्पष्ट सांगायला हवं. १,१०० चं टोक पुढच्या सीटवर जवळपास तसंच आहे. ते पुढच्या कमानींतून, पायाखालून आणि काचांतून येतं, आणि मूळ रस्त्यात आहे. २१० चा उंचवटा जेमतेम एक-दोन डेसिबल उतरला; पोटातली ती घुमणूक मारायची तर आत फोम चिकटवलेला टायर लागतो, आणि तसे टायर प्रामुख्याने मोठ्या मापात मिळतात. आणखी एक हिशेब मालकांसमोर ठेवला: टायरचा आवाज वेगाबरोबर झपाट्याने चढतो, ८० चे १०० केले की तीन डेसिबलच्या वरच. म्हणजे या सगळ्या कामाने जेवढं कमावलं तेवढं वेगाचा काटा २० ने वर गेला की परत जातं.

दरवाजे, छत, बॉनेट मुद्दाम सोडले. दरवाजाचं डॅम्पिंग स्पीकरसाठी उत्तम, छताचं पावसाच्या टपटपीसाठी. मागच्या कमानीतून येणाऱ्या घरघरीला दोन्ही लागू पडत नाहीत. अंडरबॉडी कोटिंग गंजासाठी आहे. त्याने खडीचा टणत्कार थोडा बोथट होतो, बाकी फरक शोधावा लागतो, आणि निष्काळजी फवारणीत ते सायलेन्सरवर आणि बुशांवर बसतं. पुढच्या फेंडरच्या आत फायबर भरणंही टाळलं. फेंडरच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात चिखल साचतो, तिथे ओला थर म्हणजे गंजाचं घरटं.

टायर बदलायची वेळ आली की माप तेच २१५/६० आर १६, भारांक किमान ९५, बारीक ठोकळ्यांची टूरिंग नक्षी. १७ इंची अलॉयचा विचार मालकांनी सोडला: २१५/५५ आर १७ मध्ये भिंत १२९ वरून ११८ मिलिमीटरवर येते आणि तेवढीच गादी कमी होते. युरोपीय लेबलवरचा डेसिबलचा आकडा पाहून टायर निवडायचा बेत असेल तर एक लक्षात घ्यावं, तो रस्त्याच्या कडेला ७.५ मीटरवर मोजलेला बाहेरचा आवाज आहे, केबिनमधला नव्हे. आपल्याकडच्या एआयएस-१४२ या टायरच्या मानकातली आवाजाची मर्यादाही बाहेरचीच, आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारे इंधनाचे.

पुढची तारीख १०,००० किलोमीटरची, रोटेशनची, म्हणजे चाकांच्या अदलाबदलीची. पुढची चाकं सरळ मागे, मागची तिरकी पुढे. एकाच दिशेचा बाण असलेले टायर असतील तर फक्त त्याच बाजूला. टॉर्शन बीमवरच्या हलक्या मागच्या चाकांवर ठोकळ्यांची एक कड जास्त झिजते आणि वर्षभरात बेअरिंग गेल्यासारखी घरघर लागते, ती रोटेशन चुकवल्यामुळे. तपासायला तळवा ट्रेडवर आधी पुढे, मग मागे फिरवायचा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखं लागलं तर अदलाबदल लगेच. तळवा आडवा फिरवताना तसं लागलं तर आधी अलाइनमेंट, टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) तपासून. अदलाबदलीनंतर पहिले काहीशे किलोमीटर आवाज वाढल्यासारखा वाटतो. झिजलेल्या कडा उलट्या बाजूने घासून बसेपर्यंत तो राहतो.